पलाशीच्या आमराईत आलेली सर

बालमित्रांनो, नमस्कार.

आज लढाईची गोष्ट. तारीख 23 जून 1757. गाव पलाशी, बंगालमधलं, भागीरथी नदीच्या काठचं. पलाश म्हणजे आपला पळस. पुस्तकात तुम्ही 'प्लासी' वाचता ना, ते हेच. इंग्रजांच्या तोंडी पलाशीचं प्लासी झालं. मला विचाराल तर आपण पलाशीच म्हणावं. गावाला त्याच्या नावानेच हाक मारावी.

एकीकडे बंगालचा नवाब सिराजउद्दौला, ऐन विशीतला. त्याची फौज सुमारे 50,000. दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचा रॉबर्ट क्लाईव्ह. त्याच्याकडे सुमारे 3,000, आणि त्यातले बरेचसे आपल्याच देशातले शिपाई. कंपनी आली होती व्यापाराला. पण नवाबाला न विचारता तिने कलकत्त्याच्या किल्ल्याची डागडुजी काढली, म्हणून नवाबाने कलकत्ता घेतलं. क्लाईव्ह मद्रासहून आला आणि त्याने ते परत घेतलं. भांडण इथून पेटलं.

आता डोळे मिटा आणि बघा. नवाबाच्या तोफा केवढ्या! मोठमोठ्या लाकडी माच्यांवर चढवलेल्या. पुढे पांढऱ्या बैलांच्या जोड्यांमागून जोड्या आणि मागून हत्ती डोक्याने रेटतोय! इंग्रज होते आमराईत, मातीच्या बांधाआड. (गावाबाहेरच्या आमराया तोडून लोक प्लॉट पाडतात, ते मला मुळीच आवडत नाही. शंभर वर्षांची सावली एका दुपारी जाते.) सकाळी आठच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. धडाम! धडाम!

आणि दुपारी आभाळ भरून आलं. जून महिना, बंगालचा पाऊस. धो धो, अर्धा तास. आता मला सांगा, दिवाळीचा फटाका भिजला तर वाजतो का? नाही. तोफेचंही तसंच. तोफेत दारू असते, फटाक्यात असते तशीच. ती भिजली की तोफ मुकी.

इंग्रजांनी काय केलं? ताडपत्री काढली आणि दारूवर टाकली. बस, एवढंच! आई पाऊस आला की गच्चीवरचे पापड झाकायला धावते ना, तसं. नवाबाच्या माणसांची दारू उघडीच राहिली आणि चिंब भिजली. त्यांच्या तोफा गप्प झाल्या.

नवाबाचा शूर सरदार मीर मदन. त्याला वाटलं, आपली दारू भिजली, म्हणजे त्यांचीही भिजली असणार. तो घोडेस्वार घेऊन आमराईवर धावून गेला. आणि समोरून धडाम! त्यांची दारू कोरडी होती, मुलांनो. कोरडी! मीर मदनला गोळा लागला. त्याला उचलून नवाबाच्या तंबूत नेलं, आणि तिथे त्याने प्राण सोडला.

नवाब घाबरला. त्याने सेनापती मीर जाफरला बोलावलं, आणि असं सांगतात, की डोक्यावरची पगडी काढून त्याच्यापुढे ठेवली. नवाबाने पगडी उतरवणं म्हणजे सगळं तुझ्या हाती सोपवलं. पण मीर जाफर आधीच क्लाईव्हला फितूर होता! गादी मिळणार होती त्याला. तो म्हणाला, आज मागे फिरा, उद्या लढू. नवाबाने ऐकलं. फौज मागे वळली आणि इंग्रज पुढे आले. मीर जाफरची माणसं दिवसभर नुसती उभी होती. पुन्हा सांगतो, 50,000 होते, पण त्यातले बहुतेक लढलेच नाहीत.

कंपनीची माणसं किती पडली? 22. एवढीच. सिराज उंटावर बसून राजधानीकडे, मुर्शिदाबादला पळाला. पुढे पकडला गेला आणि थोड्याच दिवसांत मारला गेला.

सिराज मारला जाण्याआधीच इकडे मुर्शिदाबादला दरबार भरला. मीर जाफर गादीपाशी आला, पण स्वतःहून बसेना. तेव्हा क्लाईव्ह पुढे झाला, त्याचा हात धरला आणि त्याला गादीवर बसवलं.