‘बरं बाबा, घे!’

आई म्हणते, मोबाईल ठेव. मुलगा ऐकून न ऐकल्यासारखं करतो. ती पुन्हा सांगते, आवाज चढवून. तो कुरकुरतो, आरडाओरडा करतो, उशी भिरकावतो. दमलेली आई शेवटी हात टेकते. ‘बरं बाबा, घे. पण दहाच मिनिटं हं!’ आणि घर शांत होतं.

या शांततेची किंमत काय, हे अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी वर्षानुवर्षं तपासलं. त्यांचे निरीक्षक घरोघरी जाऊन बसायचे. कोण काय बोललं, त्यावर समोरच्याने काय केलं, हे क्षणाक्षणाला टिपायचे. १९८२ साली त्यांनी हे सगळं पुस्तकरूपात मांडलं. अशा भांडणात दोघंही काहीतरी शिकतात. मुलाला कळतं, ताणून धरलं की नकार गळून पडतो. आईला कळतं, माघार घेतली की कटकट थांबते. पुढच्या खेपेला तो आणखी चढतो, ती आणखी लवकर नमते. आणि एखाद्या दिवशी सहन झालं नाही, की फाडकन कानाखाली बसते. लाड आणि मार एकाच घरात आलटून पालटून नांदतात. मुलाला नियम कळतच नाही, कळतो फक्त मोठ्यांचा मूड.

हीच रीत घेऊन मूल शाळेत जातं. तिथे ती चालत नाही. वर्गातली मुलं टाळू लागतात, अभ्यास मागे पडतो, आणि आपल्यासारख्याच दोघाचौघांशी गट्टी जमते. पुढच्या चोऱ्या, तोडफोड, मारामाऱ्या यांत या संगतीचा हात मोठा.

म्हणून ‘लाडावलेली पिढी बिघडली’ असा निकाल देऊन मोकळं व्हायचं का? इतकं सोपं नाही ते. अमेरिकेत हिंसक गुन्ह्यांसाठी अल्पवयीनांना होणाऱ्या अटका १९९४ च्या सुमारास शिगेला पोचल्या आणि पुढची कित्येक वर्षं घटत गेल्या. त्या काळात आईबाप अचानक कडक झाले, असं काही कुणी म्हणत नव्हतं. शिवाय मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं, की कुमारवयात नियम मोडणारी बहुतेक मुलं मोठेपणी ते सोडून देतात. त्याच वाटेवर राहणारी थोडी, आणि त्यांची लक्षणं फार लहानपणीच दिसू लागतात.

आता दोन घरं बघा. एकात मुलावर जीव ओवाळून टाकतात आणि सगळं चालवून घेतात. दुसऱ्यात मूल कुठे आहे याचाच पत्ता नसतो. शिस्त दोन्हीकडे नाही, पण फरक जमीन-अस्मानाचा. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन या मानसशास्त्रज्ञांनी ही दोन घरं वेगळी मोजायला लावली. २००९ साली आईबापांची वागणूक आणि मुलांची गुन्हेगारी यांवरची १६१ संशोधनं एकत्र तपासली गेली, तेव्हा गुन्हेगारीशी ठळक नातं दिसलं ते मुलाची खबर नसण्याशी आणि त्याला झिडकारण्याशी.

खबर ठेवायची म्हणून लगेच त्याच्या फोनवर पाळत ठेवायला जाऊ नका. स्वीडनमध्ये स्टॅटिन आणि केर या संशोधकांना २००० साली आढळलं, की पालकांना जे ठाऊक असतं ते बहुतांशी मुलाने आपणहून सांगितलेलं असतं. पोलिसासमोर कोण मन मोकळं करतं?

ओरेगॉनमधल्या कामातून पालकांसाठी प्रशिक्षण उभं राहिलं, पुढे नॉर्वेनेही ते स्वीकारलं. सूचना छोटी, शांत आवाजात. ऐकलं तर तिथल्या तिथे कौतुक. नाही ऐकलं तर आधी ठरलेली किरकोळ शिक्षा, दर वेळी तीच. सांगायला सोपं आहे, म्हणूनच तिथे नुसतं व्याख्यान देत नाहीत. पालकांकडून प्रसंग करून घेतात: एकाने हट्टी मूल व्हायचं, दुसऱ्याने न ओरडता ‘नाही’वर टिकून राहायचं.