उसण, लचक आणि कपाळावरची सुंठ

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईहून पुण्याला येताना खंडाळ्याच्या घाटात अमृतांजन पूल लागायचा, तो आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. इंग्रजांनी १८३० साली बांधलेला हा दगडी पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीने रस्ता ओस पडला होता तेव्हा, पाडून टाकला. पुलावर एका वेदनाशामक मलमाची मोठी जाहिरात लागायची, तेच नाव पुलाला चिकटलं. घाटातल्या पुलाला कुणा लाटसाहेबाचं नाव न पडता डोकेदुखीच्या मलमाचं पडावं, यावरून त्या छोट्या बाटलीचं आपल्या घरातलं स्थान कळतं. ते मलमही मुंबईचंच. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ साली ते तिथे सुरू केलं, कंपनी मद्रासला गेली ती नंतर.

आज आपण अंगदुखी, सांधेदुखी आणि डोकेदुखीवरच्या घरगुती उपायांविषयी बोलणार आहोत, तर सुरुवात मलमापासूनच करू. अशा बहुतेक मलमांत मेंथॉल, कापूर, निलगिरी, गंधपुऱ्याचं तेल असे घटक कमी-अधिक प्रमाणात असतात. मेंथॉल लावलं की कपाळ गार वाटतं. वाटतं एवढंच, कपाळाचं तापमान काही उतरलेलं नसतं. थंडीची वर्दी मेंदूला देणारी एक यंत्रणा आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी असते आणि मेंथॉल तिलाच जागं करतं. मिरचीचंही तसंच. मिरचीतल्या तिखट द्रव्यामुळे उष्णतेची वर्दी देणारी यंत्रणा जागी होते, म्हणून ठेचा खाल्ल्यावर तोंड ‘भाजतं’. मिरचीच्या या द्रव्याचाच माग काढत डेव्हिड ज्युलियस यांनी ती यंत्रणा शोधली आणि २०२१ सालचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत मिळालं. सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावणाऱ्या आज्यांना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण झोंबणाऱ्या लेपाखाली ठणका कमी जाणवतो हे त्यांना ठाऊक होतं.

का कमी जाणवतो? कोपर दारावर आपटलं की आपण पहिल्यांदा काय करतो? चोळतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली याचं एक स्पष्टीकरण मांडलं. स्पर्शाचे, दाबाचे, गरम-गारचे संदेश पाठीच्या कण्यात पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट तिथे अरुंद होते. त्यांच्या सिद्धांतात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मालिश, शेक, लेप, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं या सगळ्यांमागचं सूत्र साधारण हेच आहे. दुखणं मुळापासून जात नाही, ते सोसवेल इतकं होतं. आणि बऱ्याच दुखण्यांत तेवढंच पुरेसं असतं, कारण उरलेलं काम शरीर स्वतः करतं.

उसणीचंच घ्या. खाली वाकून बादली उचलली, कमरेत सणकन कळ गेली आणि माणूस तसाच वाकडा राहिला. आपल्याकडे यावर नामी उपाय आहे. पायाळू माणूस, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो, शोधून आणायचा आणि त्याच्याकडून पाठीला पाय लावून घ्यायचा. गावोगाव लोक शपथेवर सांगतात की उतार पडतो. पडतोच! कारण अशी साधी उसण बहुतेकांना काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप सोडते, मग पायाळू भेटो न भेटो. त्या बिचाऱ्याला फुकटचं श्रेय मिळतं, आणि त्यात कुणाचं नुकसानही नाही. मात्र जोरात लाथ मारायला लावू नका.

हसू नका, कारण डॉक्टरांचा इतिहासही फार वेगळा नाही. कंबर धरली की दोन-तीन आठवडे फळीवर झोपा, असा सल्ला कालपरवापर्यंत सर्रास दिला जायचा. आता तो कुणी देत नाही. पडून राहिल्याने स्नायू आखडतात, ताकद जाते आणि दुखणं लांबतं. एखादा दिवस आराम करा, कमरेला शेक घ्या आणि जमेल तसं घरातल्या घरात चालत राहा. थोडं दुखतंय म्हणजे आत काही तुटतंय, असा अर्थ काढून घाबरू नका.

आता शेकाविषयी जरा सविस्तर, कारण गोंधळ इथेच जास्त होतो. गरम की गार, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो.

ताजी दुखापत असेल, पाय मुरगळला, लचक भरून सूज आली, मुका मार लागला, तर पहिले एक-दोन दिवस गार. फ्रिज असेल तर बर्फ पंचात गुंडाळून, नसेल तर माठातल्या पाण्याची घडी, एका वेळी १५ ते २० मिनिटं. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली विश्रांती, बर्फ, दाब देणारी पट्टी आणि पाय उंचावर, असं सूत्र दिलं आणि ते जगभर पाठ झालं. पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याचं काम लांबूही शकतं. म्हणून बर्फ दुखणं कमी करण्यापुरता. ठणका कमी झाला की पाय हळूहळू हलवायला लागा. आंबेहळद उगाळून लावायची तर ताज्या सुजेवर कढत लावू नका, कोमट चालेल.

जुनं दुखणं, आखडलेली मान, सकाळी धरलेले गुडघे, थंडीत ठणकणारी कंबर यांना गरम. गरम पाण्याची पिशवी उत्तम, पण तव्यावर तापवलेल्या वाळूची किंवा ओवा घातलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडीही कमी नाही. निर्गुडीचा पाला वाफवून त्याचा शेक कोकणात, घाटावर सगळीकडे घेतात. त्यातलं किती निर्गुडीचं आणि किती वाफेचं, हे वेगळं काढणं अवघड, पण ओला शेक खोलवर सुखावतो हे खरं. रुईचं पान तेल लावून, शेकून बांधतात तिथे मात्र जपा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर नजरेला धोका होतो, म्हणून पान तोडल्यावर आधी हात धुवा. आणि बादलीत मीठ टाकून पाय बुडवणाऱ्यांना एक सांगतो. गुण गरम पाण्याचा आहे. मीठ स्वयंपाकघरातच राहिलं तरी चालेल.

मधुमेह असलेल्यांनी हे नीट ऐकावं. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू कमी होते आणि पाणी किती कढत आहे ते पायाला कळत नाही. शेकता शेकता फोड येतो, फोडाची जखम होते, जखम चिघळते. पाणी घरातल्या दुसऱ्या माणसाला हाताने पाहायला सांगा, आणि पिशवी उशाला, पायाशी घेऊन झोपू नका. आणखी एक, मलम चोळलेल्या जागेवर गरम पिशवी ठेवली तर कातडी भाजू शकते. दोन्हींपैकी एकच. कापराची मलमं दोन वर्षांखालच्या बाळांना लावूच नयेत, आणि बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नये, कारण कापूर पोटात गेला तर विषारी असतो.

श्रमाने येणारी अंगदुखी मात्र निराळी. भाताची लावणी सुरू झाली की पहिल्या दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून येतात. सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती दुरुस्त होताना हे दुखतं. ‘आम्ल साचलं’ म्हणतात ते खरं नव्हे, ते आम्ल तासाभरात निघून गेलेलं असतं. यावरचा सगळ्यात चांगला उपाय पाहायचा असेल तर आषाढात पालखीच्या मुक्कामावर जा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट साठी-सत्तरीची माणसं चालतात. संध्याकाळी मुक्कामावर गावातली पोरं वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळून देतात आणि पहाटे पुन्हा दिंडी चालू लागते. मालिश, झोप आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाल. कुणी पाय दुखले म्हणून चार दिवस लोळत नाही, आणि पाय वाटेतच सरावतात. तेल कुठलं हा वाद मी घालणार नाही. तीळ, मोहरी, नारायण तेल, जे घरात असेल ते. काम हात करतात.

गुडघ्यांचं थोडक्यात. झिजलेल्या गुडघ्याला सगळ्यात मोठा आधार मांडीच्या पुढच्या स्नायूचा. खुर्चीत ताठ बसा, एक पाय गुडघ्यात सरळ करा, मनात दहा अंक मोजा, खाली ठेवा. मग दुसरा. असं दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. टीव्ही बघताना होतं. वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असं मोजून पाहिलेलं आहे. हळदीचं दूध अवश्य प्या, पण हळदीतलं द्रव्य आतड्यांतून फारच थोडं शोषलं जातं. मिरपूड घातली तर जरा जास्त. त्या पेल्यावर गुडघा सोपवून व्यायाम सोडू नका. आणि बाजारात मिळणारी, घटक न लिहिलेली ‘संधिवातावर रामबाण’ चूर्णं घेऊ नका. दोन दिवसांत जादू दाखवणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं वारंवार सापडलं आहे.

आता डोकं. घरात कुणी ‘डोकं दुखतंय’ म्हणालं की मलमाआधी तीन प्रश्न विचारा. पाणी किती प्यायलास? जेवलास का? झोप झाली का? निम्मी डोकेदुखी तिथेच सापडते. उपासाच्या दिवशी दुपारनंतर ठणकणारं डोकं पुष्कळ घरांत ओळखीचं आहे. रोज चार कप चहा पिणाऱ्याने तो एकदम बंद केला की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, वर हरतालिकेसारखा निर्जळी उपास असेल तर विचारायलाच नको. चालत असेल तर आदल्या दिवसापासून चहा थोडा थोडा कमी करावा.

अर्धशिशीची गोष्ट वेगळी. अर्धं डोकं ठोके पडल्यासारखं दुखतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो. अशा वेळी अंधाऱ्या खोलीत पडणं, कपाळावर गार घडी, डोक्याला घट्ट फडकं, आल्याचा तुकडा चघळणं हे खरंच उपयोगी पडतं. सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खावी, असंही सांगतात. जिलबीत औषध नाही, पण लांबलेला उपाशीपणा हे अर्धशिशीचं मोठं निमित्त असतं, त्यामुळे पहाटे पोटात काहीतरी गेल्याने एखाद्याला बरं वाटलं तर नवल नाही. मधुमेह्यांनी हा प्रयोग जिलबीऐवजी पोळीवर करावा.

आणि आता आजच्या काळातला सगळ्यात लोकप्रिय घरगुती उपाय. तो आजीच्या बटव्यात नाही, डब्यात पडलेल्या गोळ्यांच्या पाकिटात आहे. शेजारणीला लागू पडली, म्हणून आपणही घेतो. पॅरासिटामॉल कधीमधी घ्यायला हरकत नाही, पण धडधाकट मोठ्या माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये. दारू पिणाऱ्यांना आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांना तेवढीही नको. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत तीच असते, हे मोजताना विसरलं जातं. डोकेदुखीसाठी साध्या गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, असं तीन महिने चाललं की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं.

डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडांशी संबंध आहे. आपल्याकडची गिधाडं का नाहीशी झाली, माहीत आहे? जनावरांना हे औषध दिलं जायचं, मेलेल्या जनावराचं मांस गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. २००६ साली भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे मान्य. पण ऊसतोडीला, उन्हात, पाणी न पिता, उपाशीपोटी रोज एक गोळी घेऊन मोळी उचलणाऱ्या बाईची मूत्रपिंडं काय सोसत असतील, याचा विचार मुकादमानेही करावा. पावसाळ्यात तापासोबत अंग मोडून दुखत असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

काही दुखणी घरात ठेवायचीच नसतात. एकाएकी, आयुष्यात कधी झाली नाही इतकी भयंकर डोकेदुखी. तापासोबत मान ताठणं. बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा जाणं किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं. एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप. मुरगळलेल्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर हाडवैद्याकडून ओढून घेण्याआधी एक्स-रे काढा.

आणि छातीत दाटून आलं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून छातीला मलम चोळत बसू नका. १०८ ला फोन लावा, रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत. ती येईपर्यंत माणसाला बसवून ठेवा, चालवू नका.

नमस्कार.