घरच्या खोलीतलं इलेक्ट्रॉनिक संगीत: काय घ्यावं, काय राहू द्यावं

श्रोतेहो, नमस्कार.

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की आपल्या सांगली-मिरजेकडच्या माणसाला वाटतं, हे मुंबई-पुण्याचं, नाहीतर थेट परदेशातलं प्रकरण. पण आपल्याकडची लग्नाची वरात आठवून बघा. बेंजो पार्टीच्या गाडीवर एक पोरगा ऑक्टापॅड बडवत असतो, दुसरा कीबोर्ड सांभाळत असतो आणि मागं जनरेटर धडधडत असतो. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, जत, कुठंही जा, अशी पोरं आहेतच. आपण करतो त्याला इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

आज बोलायचंय ते या पोरांशी, आणि घरात पेटी-तबला असून आता कॉम्प्युटरवर काही करून बघावं असं ज्यांना वाटतंय, त्यांच्याशी. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" हा प्रश्न पहिला नको, असं माझं मत आहे. आधी घरात काय आहे ते काढा. मग आपल्याला कुठलं संगीत करायचंय ते ठरवा. सॉफ्टवेअर त्यानंतर, आणि पैसे तर सगळ्यात शेवटी.

घरात काय आहे ते आधी बघू. तुमचा ऑक्टापॅड उलटा फिरवून मागची बाजू बघा. तिथं पाच भोकांची एक गोल खोबण दिसेल, वर मिडी आउट असं लिहिलेलं. वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यांनीही तिच्यात कधी काही लावलेलं नसतं. मिडी ही पद्धत १९८३ साली आली. यात तारेतून आवाज जात नाही, निरोप जातो. कुठला पॅड वाजला, कधी वाजला आणि किती जोरात वाजला, एवढंच. तो जोर १२७ पर्यंतच्या आकड्यात मोजलेला असतो. या खोबणीतून कॉम्प्युटरच्या यूएसबीला जाणारी केबल मिळते. ती लावली की तुमचा ऑक्टापॅड कॉम्प्युटरमधले कुठलेही आवाज वाजवू शकतो. हलगीचा, संबळाचा, नाहीतर पातेल्यावर चमचा आपटून तुम्हीच रेकॉर्ड केलेला. नव्या ऑक्टापॅडना आणि बऱ्याच कॅसिओ-यामाहा कीबोर्डना तर थेट यूएसबीचीच खोबण असते. तेव्हा नवीन पॅड, नवीन कंट्रोलर यांच्या मागं धावण्याआधी पलंगाखालची बॅग उघडा. केबल मात्र अगदी स्वस्तातली घेऊ नका. फार स्वस्त केबलमध्ये निरोप मध्येच हरवतात आणि एखादा स्वर दाबलेलाच राहून कोकलत बसतो.

हे सगळं लावलं की पहिली तक्रार येते, "पॅड मारल्यावर आवाज उशिरा येतो." कॉम्प्युटर आवाज तुकड्यातुकड्यानं बाहेर पाठवतो. त्या तुकड्याला बफर म्हणतात. सीडीच्या दर्जाला आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे मोजमापं, घेतलेले असतात. बफर १,०२४ नमुन्यांचा ठेवला तर एकट्या बफरपायी सुमारे २३ मिलिसेकंद उशीर होतो. हवेत आवाज तेवढ्या वेळात आठ मीटर जातो, म्हणजे तुमची हलगी आठ मीटरवर उभं राहून कुणी वाजवतोय असं झालं. बफर २५६ वर आणला की उशीर सहा मिलिसेकंदांच्या आत येतो आणि हाताला चालतो. विंडोजवर यासाठी आसिओ नावाचा ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लागतो. तो नसेल तर कितीही भारी लॅपटॉप असो, ठेका घसरतोच. आणि ब्लूटूथचे हेडफोन? गाणी ऐकायला ठीक. वाजवताना अजिबात नकोत, त्यांचा उशीर शेकडो मिलिसेकंदांत असतो.

आता सॉफ्टवेअर. रीपर आहे, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. दिसायला रूक्ष, पण जुन्या लॅपटॉपवरही मुकाट्यानं चालतं. एफएल स्टुडिओ आपल्या पोरांना फार आवडतं, कारण त्याच्यात चौकोन टिचकावत ठेका बांधता येतो. एकदा घेतलं की पुढच्या सुधारणा आयुष्यभर फुकट मिळतात, ही त्याची खरी मोठी गोष्ट. त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर स्वस्तातल्या आवृत्तीत ती सोय आहे का, हे वाचल्याशिवाय पैसे भरू नका. एबलटन लाइव्ह बर्लिनचं. पुष्कळशा कीबोर्डबरोबर आणि इंटरफेसबरोबर (माइकचा-वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी डबी) त्याची छोटी, लाइट आवृत्ती फुकट येते, खोक्यातल्या कागदावर कोड छापलेला असतो. तो कागद खोक्याबरोबर रद्दीत जातो, हे मी बघितलंय. मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच. हातात फक्त मोबाईल असेल तर बँडलॅबवर सुरुवात करा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणारं क्रॅक सॉफ्टवेअर. चोरी आहे ती आहेच, पण त्यातून व्हायरस येतात, आणि गणपतीच्या आदल्या रात्री सगळं काम उघडेनासं होतं. फुकटची चांगली साधनं असताना हा धोका कशाला?

यातलं कुठलं घ्यावं? इंटरनेटवरचे परदेशी लोक सांगतात त्या कसोट्या त्यांच्या संगीताच्या. आपल्या संगीताच्या वेगळ्या. चाचणीची आवृत्ती उतरवलीत की मी सांगतो त्या तीन गोष्टी करून बघा. रूपक बांधून बघा. सात मात्रांचं आवर्तन सॉफ्टवेअरनं कुरकुर न करता धरलं पाहिजे. सोळा चौकोनांच्या पट्टीत रूपक कोंबायची वेळ आली तर ते सॉफ्टवेअर तुमच्याशी रोज भांडणार. दुसरं, लय मध्येच चढवून बघा, भजनात चढते तशी, हळूहळू. आणि तिसरं, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं.

मींडेसाठी कीबोर्डला डावीकडं एक चाक असतं, पिच बेंड. ते कारखान्यातून येतं तेव्हा बहुधा दोनच अर्धस्वर वर-खाली जातं. सिंथेसायझरच्या (आवाज तयार करणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) सेटिंगमध्ये जाऊन ते बारा करा, पूर्ण सप्तक मिळेल. यंत्रावर मींड येत नाही असं म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या चरणजित सिंग यांचं काम ऐकावं. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेऊन राग वाजवले. त्यातलं टीबी-३०३ मुळात बास गिटारची जागा घ्यायला काढलेलं होतं, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय त्याच्यात होती, आणि रागाला तीच उपयोगी पडली. तेव्हा ते काम कुणी फारसं विचारलं नाही. वीस-पंचवीस वर्षांनी परदेशातल्या लोकांनी ते शोधून काढलं.

आता सुराकडं येऊ. हा विषय आपल्या मातीतला आहे, त्यामुळं इथं थोडं रेंगाळतो. मिरजेचा तंबोरा सगळ्या देशात जातो, २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी, म्हणजे तारेखालच्या घोडीची घासण, नीट लागलेला तंबोरा छेडला की खर्जातून गांधार आपोआप बोलतो. आपण त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. आता या तंबोऱ्यावर तुम्ही कॉम्प्युटरमधला एखादा लांब सूर धरला, तर काहीतरी खटकतं. का? आकडे बघा. काळी एकचा षड्ज, म्हणजे सी शार्प, १३८.६ हर्ट्झचा. स्वयंभू गांधार त्याच्या पाचपट, ६९३ हर्ट्झ. कीबोर्डवरचा तोच गांधार ६९८.५ हर्ट्झ. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला पाच-सहा वेळा थरथर ऐकू येते. दोष तुमच्या कानाचा नाही, तंबोऱ्याचा तर नाहीच. कीबोर्डनं सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेत, त्याचा हा परिणाम.

याच गोष्टीवर आपल्या भागात शंभर वर्षांपूर्वी डोकेफोड झालेली आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक १९१० साली आलं. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांच्याबरोबर काम केलं, अब्दुल करीम खाँसाहेबांनी आपला गळा आणि कान त्या प्रयोगांना दिले, आणि श्रुती दाखवणारी हार्मोनियम मुद्दाम बनवून घेतली गेली. पेटीत नव्या पट्ट्या, नवे सूर बसवायचे म्हणजे केवढा खटाटोप! आज सर्ज एक्सटी नावाचा एक सिंथेसायझर पूर्ण फुकट मिळतो. त्याच्यात सुरांच्या हिशेबाची एक छोटी फाइल टाकली की गांधार जागेवर येतो, धैवत जागेवर येतो. व्हायटल नावाच्या सिंथेसायझरची फुकट आवृत्तीही हे करते. रागदारीच्या किंवा नाट्यसंगीताच्या वाटेनं जाणाऱ्यांनी सॉफ्टवेअर निवडताना हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे: सूर हलवता येतात का? डिस्कोच करायचं असेल तर सोडून द्या.

पैसे खर्चायचे तर पहिले हेडफोनवर. कानावर पूर्ण बसणारे, मागून बंद, वायरवाले. मॉनिटर स्पीकर नंतर घ्या. दहा बाय दहाच्या खोलीत स्पीकरचा खालचा आवाज कोपऱ्यात फुगतो आणि भिंतीजवळ वेगळाच ऐकू येतो, मग तुम्ही गाण्यात ढोल कमी करत बसता आणि मंडळात लावल्यावर ढोलच गायब. हेडफोननंतर दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस. आणि माइक? सगळे कंडेन्सर माइककडं धावतात, त्याला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा इंटरफेसकडून लागतो, आणि तो खोलीतलं सगळं ऐकतो: पंखा, कुकरची शिट्टी, शेजारची मालिका. साध्या घरात डायनॅमिक माइक बरा. तोंडाजवळचं धरतो, बाकीचं बरंचसं सोडतो. हलगीसारखं कडक वाद्यही तो सोसतो.

खोलीला फोमचे तुकडे चिकटवायची हल्ली फॅशन आहे. पातळ फोमनं वरचे आवाज मरतात, घुमारा तसाच राहतो. त्यापेक्षा आजीच्या वाकळा काढा आणि गाणाऱ्याच्या मागं दोरीवर दोन थरांत टाका. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा. मग टाळी वाजवून बघा, खणखण कमी झाली की पुरे. रस्त्याचं काय करायचं, ते मात्र मला सांगता येणार नाही. गळिताच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्री दोनलाही गाणी लावून जातात, आणि त्यांची गाणी आपल्यापेक्षा मोठ्यानं वाजतात.

विजेचं एक सांगतो. रेकॉर्डिंगमध्ये हम्म असा सूर येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला सूर, तर गडबड अर्थिंगची. ५० हर्ट्झचा तो आवाज आपल्या विजेचा असतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर लावा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. पण प्लगची तिसरी पिन कापून टाकू नका, त्यात जिवाला धोका आहे. इन्व्हर्टर घेणार असाल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या, चौकोनी लहरीचा गुणगुणतो. आणि लाइट जाणारच, तेव्हा सॉफ्टवेअरमधलं आपोआप सेव्ह व्हायचं बटण पहिल्याच दिवशी चालू करा.

गाणं झालं की ते तीन ठिकाणी ऐका: हेडफोनवर, मोबाईलच्या स्पीकरवर आणि गाडीत. तुम्ही आत्ता मला रेडिओवर ऐकताय. या एवढ्याशा स्पीकरमधून ढोलाचा अगदी खालचा भाग बाहेरच पडत नाही. म्हणून ढोलाला थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित फाटल्यासारखा करणारा परिणाम, लावा, त्यानं वरचे सूर तयार होतात आणि लहान स्पीकरवरही कान ढोल ओळखतो. मिडियम वेव्हचं प्रसारण मोनो असतं, मांडवातल्या भोंग्यांचंही बहुधा तसंच. सॉफ्टवेअरमध्ये मोनोचं बटण असतं ते दाबून बघा. डावी-उजवीकडं पसरवलेला एखादा सूर तिथं अचानक नाहीसा झाला, तर तो पसरवताना दोन बाजू एकमेकींना उलट्या बसल्यात. एका बाजूची फेज, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटी करा, तो परत येईल.

नमस्कार.