निबंधावरची नावे

गडचिरोली जिल्ह्यातील गावांत नव्वदच्या दशकात बाळ जन्मले, की आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण घेतलेली गावातलीच बाई त्या घरी जाई, बाळाचे वजन करी, ताप पाही, श्वास मोजी आणि सारे कागदावर नोंदवून ठेवी. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत तिच्या अशा अनेक खेपा होत. ३९ गावांतील या कामावर आधारलेला, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेचा शोधनिबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि घरच्या घरी दिलेल्या काळजीने नवजात बालकांचे मृत्यू किती कमी होऊ शकतात, हे जगापुढे आले.

त्या निबंधाचे लेखक पाच, पहिले नाव डॉ. अभय बंग यांचे. दहा वर्षे आधी, १९८९ साली, दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवरचा निबंध याच नियतकालिकात आला होता. त्याचे लेखक सहा, आणि पहिले नाव डॉ. राणी बंग यांचे. गणितात सहलेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमे लागतात, पण वैद्यकात क्रमाला अर्थ असतो आणि पहिले नाव सहसा कामाचा मुख्य भार वाहणाऱ्याचे असते. एकाच दांपत्याच्या दोन निबंधांतला हा बदललेला क्रम म्हणूनच लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

एकत्र निबंध लिहिणाऱ्या दोघांमध्ये रेघ ओढत गेले, की संशोधकांचे जाळे तयार होते. भौतिकशास्त्रज्ञ मार्क न्यूमन यांनी २००१ साली अशी जाळी मोजली, तेव्हा एका संशोधकापासून दुसऱ्यापर्यंत साधारण पाच-सहा टप्प्यांत पोहोचता येते, असे दिसले. मात्र ही रेघ छापलेल्या नावांमधूनच जाते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियम माहिती गोळा करण्याला योगदान मानतात, पण लेखक ठरण्यासाठी मसुदा लिहिण्यात किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करण्यात वाटा, अंतिम संमती आणि मजकुराची जबाबदारीही मागतात. जबाबदारीची अट रास्त आहे. मसुदा इंग्रजीत होत असल्याने आरोग्यदूत मात्र त्या उंबरठ्यावरच थांबते.

भौतिकशास्त्राने वेगळी वाट धरली. २०१५ साली हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावरील एका निबंधाला ५,१५४ लेखक होते आणि त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने नावांनी व त्यांच्या संस्थांनी भरली होती. गावपातळीवरच्या संशोधनातही नोंद करणाऱ्यांना नावानिशी जागा मिळावी, असे आम्हाला मनापासून वाटते. ३९ गावे आणि तिथल्या आरोग्यदूतांची नावे एका पानात मावतात.