व्यवसाय : निरंक

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मायबाप श्रोतेहो, पत्रिकेवर माझा विषय ‘गृहिणीच्या श्रमांचं मोल’ असा छापलाय. त्याकडे मी येतोच. पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. शब्द आहे ‘निरंक’. इथं निम्मी सभा पेन्शनरांची, त्यांना तो समजावून सांगायला नको. रकान्यात भरायला काही नसलं की आपण निरंक लिहून मोकळं होतो.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेली. एक्कावन्न वर्षांचा संसार. नोंद करायला मी एका कार्यालयात गेलो. टेबलावरचा मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा, बोलायला गोड. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी विचारलं. नाव, वय, पत्ता लिहून झालं आणि तो ‘व्यवसाय’ या रकान्यावर थांबला. “आजोबा, आजी नोकरीला होत्या?” मी म्हटलं, नाही. “काही धंदा? शिलाई, पापड वगैरे?” शिवायची, पापडही करायची, पण घरच्यापुरतं. “मग निरंक लिहितो,” म्हणाला आणि लिहून पुढच्या रकान्यावर गेलाही.

मी तिथंच बसून राहिलो. त्या लेकराचा काही दोष नाही. पण मला ते अक्षर ओळखीचं वाटलं. ते माझंच होतं.

१९९१च्या जनगणनेला मी प्रगणक होतो. समोर बसलेले किती तरी मास्तर होते. दोन वाड्या आणि एक तांडा माझ्याकडे. दारात गेलं की बोलायला पुरुष पुढं यायचा. ‘गेल्या वर्षात काही काम केलं का?’ या प्रश्नात शेतावरचं बिनपगारी कामही धरायचं, अशी सूचना त्या वर्षी स्पष्ट होती. मी विचारायचो, “मालकीण काय करते?” तो म्हणायचा, “काय करतीय, घरीच असती.” मागं तीच बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन गोठ्याकडं चाललेली मला दिसायची. आणि मी लिहायचो : काम करत नाही, घरकाम. शंभर नाही, कितीतरी शंभर बायकांपुढं मी हे लिहिलं.

रात्री कंदिलाशी बसून मी चिठ्ठ्या तपासत होतो. बायको शेजारी सुपात तूर निवडत होती. “इतकं काय लिहिताव हो?” मी एकदोन चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. ती सूप पाखडायची थांबली आणि म्हणाली, “काम करत नाही, हे किती वाजल्यापासून धरायचं असतंय?”

(हशा.) हसा, हसा. तीही हसली होती. मी मात्र तिला उत्तर दिलं नाही, ते अजून राहिलंय.

आता जरा मागं जातो. संयोजक घड्याळ बघतायत, पण बहात्तरचा दुष्काळ सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. आमचं लग्न १९७३च्या वैशाखातलं. पाऊस बहात्तरला दगा देऊन गेलेला. विहिरींना खडक लागलेले, निम्मी जनावरं बाजारात गेलेली. लग्नात गोडाला लापशी तेवढी, बाकी पंगत मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीवर. इथल्या म्हाताऱ्या माणसांना त्या मिलोचा वास अजून आठवत असेल. अंतरपाट खाली झाला, तिनं हार घालायला हात वर केले आणि मला तिचे तळवे दिसले. मेंदी होती, पण ती बसली नव्हती. मेंदीखाली फोड फुटून कातडं निबर झालेलं. सतरा वर्षांची पोर लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत दुष्काळी कामावर खडी फोडत होती. सुकडीचं, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायच्या कोरड्या पौष्टिक खाऊचं, पाकीट मिळालं की स्वतः न खाता धाकट्या भावाला न्यायची, हे तिनं पुढं सांगितलं.

त्या कामावर मस्टर होतं. मस्टरवर तिचं नाव होतं, नावापुढं हजेरी, हजेरीपुढं मजुरी आणि शेवटी अंगठा. तिच्या मृत्यूची नोंद करून घरी येताना एसटीत मला हे सुचलं आणि मी अंबाजोगाईला उतरायचं सोडून पुढच्या थांब्यापर्यंत गेलो. तिच्या उभ्या आयुष्यात सरकारदरबारी ‘ही बाई काम करते’ असं एकदाच लिहिलं गेलं, तेही बहात्तरच्या दुष्काळानं लिहायला लावलं म्हणून. पुढची एक्कावन्न वर्षं निरंक.

त्या वर्षांत काय होतं? जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना फाटते. मग ती आधण ठेवायची, उकळतं पाणी पिठात ओतायची, उलथन्यानं ढवळायची आणि हाताला सोसवेल न सोसवेल असं असतानाच मळायला घ्यायची. त्या भाकरीला चीर पडत नसे. सुगीत तुरीला तेलपाणी लावून मुरवायची, उन्हात घालायची, जात्यावर भरडायची. कणगीत ज्वारी भरताना कडुलिंबाचा पाला किती थरांनी घालायचा, हे तिला ठाऊक होतं. मी पदवीधर. मला हे आजही येत नाही.

किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्याच दिवशी गणपती बोळवलेले. आम्ही सगळे अंगणात. उजाडल्यावर बातमी आली आणि गल्लीत कुणी तरी ओरडलं, भाकरी गोळा करा. तिनं घरात पाऊल टाकलं. मी म्हटलं, आत जाऊ नको, भिंतीचा भरवसा नाही. ती परात, पीठ आणि तवा घेऊन बाहेर आली, तीन दगडं मांडली आणि दुपार टळेपर्यंत उठली नाही. धोतराच्या फडक्यात बांधलेल्या भाकरी ट्रकवर चढल्या. पेपरात ट्रक देणाऱ्याचं नाव आलं होतं.

आपल्या गावात संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर पंचीकरण हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहिला त्यांनी, आपण पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो. माझ्याही घरी एक वाकळ आहे. तिच्यात माझा पहिला सदरा आहे, थोरलीचं परकराचं कापड, धाकट्याचा खाकी गणवेश, आणि मधोमध तिच्या लग्नातल्या पिवळ्या लुगड्याचा काठ. धावदोरा इतका बारीक की नख शिरत नाही. ती वाकळ मी पासोडीइतकीच जपून ठेवली आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुद्द्यावर येतो.

पहिलं. २०१९च्या केंद्राच्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. म्हणजे तिचे पाच तास. लेकराबाळांचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय.

दुसरं. न्यायालयांनी मोल मान्य केलंय. जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली गृहिणीच्या सेवेचं मोल महिना ३००० रुपये धरलं. २०२१च्या जानेवारीत पुन्हा सांगितलं की गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरलंच पाहिजे. पण हे सगळं नुकसानभरपाईचं. बाई अपघातात गेल्यावरच हिशेब मांडला जातो. जिवंतपणी कुणी मांडत नाही, माझं म्हणणं एवढंच आहे.

तिसरं. १ मे २०२४पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव लावायचं, असा आपल्या राज्याचा निर्णय आहे. चांगला आहे. आता सातबाऱ्यावरही तिचं नाव लावा. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी या उन्हाळ्यात तलाठ्याकडे जावं. मी जायला उशीर केला. ती असताना व्हायला हवं होतं.

आणि शेवटचं. आपल्या वाचनालयासाठी मी एक लांब वही आणली आहे, दोनशे पानी. प्रत्येकानं आपल्या घरातल्या बाईचं एक पान लिहायचं. हयात असेल तर तिला विचारून लिहायचं. नाव, माहेर, आणि व्यवसायाचा रकाना मी मुद्दाम पानभर आखलाय. पहिलं पान मी भरून आणलं. मागची बाजू संपली तरी मी १९८०पर्यंतच पोचलोय, तेव्हा तिसरं पानही माझ्यासाठी धरून ठेवा.

वही ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ठेवतो. पेन दोरीनं बांधलेलं आहे.