उडून गेलेल्यांची गोष्ट, जमिनीवरून

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि मंडळी,

परदेशातल्या आपल्या या मंडळाच्या मेळाव्यात एका ॲनिमेशनपटावर बोलणार असे कळवल्यावर ‘म्हणजे मुलांच्या कार्यक्रमात का?’ अशी विचारणा झाली, म्हणून आधी माझ्या नाशिकच्या एका माणसाची आठवण करून देते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करताना कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून त्याचे रोप पडद्यावर झरझर वाढताना दाखवले, पुढे 1915 च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी साध्या आगकाड्यांना हालते केले. निर्जीव वस्तूत जीव ओतण्याचा हा खटाटोप पोरखेळ ठरवायचा असेल, तर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक कशाला उभारले, हेही ठरवावे लागेल.

मी बोलणार आहे तो ‘द वाइल्ड रोबोट’ 2024 मध्ये आला. पीटर ब्राउन यांच्या कादंबरीवरून ख्रिस सँडर्स यांनी तो दिग्दर्शित केला आहे. त्या वर्षी घरी गेले असताना मी तो नाशिकच्या एका मल्टिप्लेक्समध्ये आई-वडिलांबरोबर पाहिला. रॉझ नावाचे एक यंत्र वादळात निर्मनुष्य बेटावर येऊन पडते. तिच्या हातून अपघाताने हंसांचे एक घरटे चिरडले जाते, एक अंडे तेवढे वाचते, आणि त्यातून बाहेर आलेले पिल्लू तिलाच आई समजून मागे लागते. थंडी पडण्याआधी त्याने खायला, पोहायला आणि उडायला शिकले पाहिजे, म्हणजे ते थव्याबरोबर स्थलांतराला जाऊ शकेल, एवढेच काम तिच्यापुढे आहे. ज्याला जवळ ठेवायचे नाही, त्यालाच वाढवायचे, असा हा करार आहे.

या रॉझला तोंडच नाही. डोळ्यांच्या जागी दोन गोल भिंगे, बाकी चेहरा कोरा. तरीही तिच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला कळते, कारण लुपिता न्याँगो यांचा आवाज सुरुवातीला ग्राहकसेवा केंद्रातल्यासारखा ठरावीक प्रसन्न असतो आणि पुढे त्याला, आपल्या लक्षात येण्याआधीच, काळजीचा कातर सूर लागतो. चित्रकारांनीही तेच केले आहे. बेटावरचे जंगल कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी रंगवल्यासारखे दिसते आणि त्यात रॉझ आधी गुळगुळीत, चकचकीत, परकी वाटते; मग तिच्या अंगावर ओरखडे उठतात, शेवाळ चढते आणि ती त्याच चित्राचा भाग होऊन जाते. हे मोठ्या पडद्यावरच नीट दिसते, विमानातल्या खुर्चीमागच्या पडद्यावर नाही.

उड्डाणाच्या प्रसंगाजवळ मात्र मला थोडे थांबायचे आहे. आपल्या घरट्याचे काय झाले होते हे पिल्लाला तोवर कळलेले असते, त्यामुळे दोघांत अबोला आहे. निघायची वेळ येते तेव्हा जे बोलायचे ते दोघांच्याही तोंडून निघत नाही. रॉझ त्याच्याबरोबर धावते, तो हवेत उचलला जातो, थव्यात मिसळतो आणि ती खाली उरते. आपल्यापैकी कितीतरी जणांचे विमानतळावरचे निरोप असेच झालेले आहेत. बॅगेचे वजन आणि पासपोर्ट यांवरच सारे बोलणे संपले. आईला इंग्रजी संवाद सगळे कळत नव्हते, पण या ठिकाणी ती एवढेच म्हणाली, “यंत्र असून जीव अडकलाच की गं तिचा.” वडील काही बोलले नाहीत; त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि बराच वेळ हातातच ठेवला.

परतताना गाडीत ते बोलले, तेही सिनेमाबद्दल नाही, तर नांदूरमध्यमेश्वरबद्दल. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ असलेले हे पाणथळ 2020 मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ, म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात तिथे चक्रवाक आणि इतर बदके दूर उत्तरेकडून येतात, आणि लहानपणी आम्ही पहाटे दुर्बीण घेऊन ती पाहायला जात असू. वडील म्हणाले, “आपण नेहमी आलेलेच पक्षी बघितले. निघताना तिकडे काय होत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.”

हा चित्रपट मला आपल्या मंडळाच्या जवळचा वाटतो, तो याचमुळे. देशांतराच्या बहुतेक गोष्टी आपण उडालेल्याच्या बाजूने सांगतो: पहिला बर्फ, पहिली नोकरी, वाटाण्याएवढी भाड्याची खोली. आपल्या स्मरणिकांतही तेच असते, माझे लेखही त्याला अपवाद नाहीत. इथे कॅमेरा जमिनीवर राहतो. पिल्लाच्या प्रवासाचे प्रसंग आहेत, पण आपला जीव मागे राहिलेल्या रॉझमध्ये गुंतलेला असतो, आणि काम संपल्यावर आता करायचे काय, हा तिचा प्रश्न आपल्या आई-वडिलांनी आपल्यासमोर कधी बोलून दाखवलेला नाही.

शेवटचा भाग मला तितका आवडला नाही, हेही सांगते. रॉझला बनवणारी कंपनी तिला परत न्यायला येते आणि मग पाठलाग, स्फोट, आगी सुरू होतात; ते कौशल्याने केले आहे, पण आधीच्या तासाभरात मिळवलेली शांतता त्यात बरीच खर्ची पडते. वडिलांना मात्र हाच भाग आवडला.

कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवते. उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील इथे येतात आणि दुपारभर खिडकीशी बसून असतात. जाहीर खेळाची परवानगी रीतसर काढून हा चित्रपट त्यांच्यासाठी आणि नातवंडांसाठी एकत्र दाखवावा. मध्ये मध्यंतर अवश्य ठेवावे, कारण बटाटेवड्याशिवाय सिनेमा झाला असे त्या पिढीतले कोणीही मान्य करणार नाही.