आधी मागची पाटी वाचा

[दृश्य: भिंतीतलं काचेचं कपाट. आत टू-इन-वन, त्यावर क्रोशाचा रुमाल. कॅमेरा बराच वेळ समोरूनच बघतो.]

टू-इन-वन. रेडिओ आणि कॅसेट एकाच डब्यात, वरती हँडल. जपानी लोक यालाच ‘राजिकासे’ म्हणतात. रेडिओतला ‘राजि’, कॅसेटमधला ‘कासे’.

१९७३ नंतर तेलाच्या पैशावर आखातात बांधकामं उभी राहिली आणि कोकणातल्या घराघरातून माणसं तिकडे कामाला गेली. दोन-दोन वर्षांनी सुट्टीवर येताना त्यांच्या सामानात हा डबा असायचा. नॅशनल पॅनासॉनिक, सान्यो, शार्प, सोनी ही नावं रत्नागिरी-रायगडच्या ओटीवर पोचली ती अशी. आज त्या घरातली पुढची पिढी हाच सेट शोधायला निघते आणि बघता बघता जपानमधल्या ऑनलाइन लिलावात जाऊन पोचते. फोटोत दर्शनी बाजू हुबेहूब. तेच दोन स्पीकर, तीच लाल सुई, तीच पियानोसारखी बटणं. जीव भांड्यात पडतो, पैसे भरले जातात.

घोळ मागच्या बाजूला असतो.

[दृश्य: दोन सेट शेजारी शेजारी. हात दोन्ही पाठमोरे फिरवतो. पाट्यांवर कॅमेरा.]

डावीकडचा सेट आखाती बाजारासाठी बनलेला. मागे छोटं गोल चक्र आहे, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचं: ११०, १२७, २२०, २४०. यातला १२७चा आकडा सौदी अरेबियासाठी, कारण तिथे घरात १२७ आणि २२० असे दोन्ही व्होल्टेज चालत. रेडिओला शॉर्टवेव्हचे पट्टे, एफएम ८८ ते १०८.

उजवीकडचा सेट जपानच्या घरगुती बाजारातला. पाटीवर एवढंच: १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. चक्र नाही. एफएम ७६ ते ९०.

म्हणजे हा सेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला सरळ लावला तर ट्रान्सफॉर्मर जळणार. आणि समजा वाचला, तरी मुंबईतली ९१.१, ९३.५, ९८.३, १०४ यातलं एकही स्टेशन त्याच्या सुईच्या टप्प्यात नाही. कारखाना तोच, डबाही तोच. पण तुमच्या आठवणीतला डबा जपानच्या घरांसाठी कधी बनलाच नव्हता.

यावर एक युक्ती आहे, जाणकारांना माहीत असलेली. जपानमध्ये जुन्या ॲनालॉग टीव्हीचे १, २ आणि ३ हे चॅनल ९० ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होते. म्हणून काही राजिकासेंवर टीव्हीचा आवाज ऐकण्याची सोय दिलेली असे. एफएमच्या तबकडीवर ९०च्या पुढे ‘टीव्ही १–३’ असं छापलेलं दिसलं, तर तो सेट १०८ पर्यंत जातो. जपानची ॲनालॉग टीव्ही प्रक्षेपणं २०११-१२ मध्ये बंद झाली, तेव्हा तिथल्या माणसाला तो पट्टा बराचसा निरुपयोगी. आपल्याला तोच हवा. लिलावातला तबकडीचा फोटो मोठा करून बघा, फोटो नसेल तर मागा.

हा पट्टा नसेल तर ऑसिलेटरच्या (रेडिओचं स्टेशन ठरवणाऱ्या सर्किटच्या) कॉइलचे वेढे किंचित फाकवून सुई वरच्या स्टेशनांवर सरकवता येते. पण मूळ टप्पा १४ मेगाहर्ट्झचा, आपला २०चा. काही स्टेशनं बाहेर राहणारच, आणि तबकडीवरचे आकडे खोटे होणार ते वेगळंच.

[दृश्य: बॅटरीचं झाकण उघडतं. सहा मोठे सेल आत बसतात.]

विजेचा प्रश्न राजिकासेपुरता सोपा आहे. सहा मोठे सेल म्हणजे ९ व्होल्ट, आठ असतील तर १२. सेट मुळात तेवढ्यावरच चालतो. तेव्हा १०० व्होल्टची वायर बाजूला ठेवा आणि डीसी जॅकला तितक्याच व्होल्टचा अडॅप्टर लावा, ९ व्होल्टला २ अँपिअर साधारण पुरतो. मात्र जॅकशेजारची खूण आधी बघा. जुन्या जपानी सेटमध्ये पुष्कळदा मधली पिन ऋण असते, आणि आज बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर मधे धन असलेले. उलटा लावला तर सेट गेला. अडॅप्टर जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मरवाला घ्या. मोबाइल चार्जरच्या जातीचा लावलात तर मीडियम वेव्हवर नुसती घरघर ऐकू येईल.

अँप्लिफायर, रिसीव्हर, कॅसेट डेक यांना ही पळवाट नाही. त्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि इथे दुकानदार हमखास ‘एकशे दहावाला’ हातात ठेवतो. ‘शंभर काय, एकशे दहा काय, चालतं हो!’ हिशेब करून बघू. घरात वीज २५० वर गेली, जी संध्याकाळनंतर काही भागात जाते, की एकशे दहावाल्यातून बाहेर येतात जवळपास १२० व्होल्ट. शंभरच्या यंत्राला वीस टक्के जास्त. चाळीस वर्षांच्या कपॅसिटरना ते झेपत नाही. नेमका २३०:१०० गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या. तोही २५० वर १०९ देईल, पण तेवढं निभावतं.

क्षमता पाटीवरच्या वॉटच्या दुप्पट ठेवा. २५० वॉट लिहिलं असेल तर ५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर). वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, दोन, एकमेकांपासून वेगळ्या. स्वस्तातला ऑटो-ट्रान्सफॉर्मर एकाच वाइंडिंगला मधे फाटा काढून बनवतात. त्याचा खालचा भाग तुटला की पूर्ण २३० व्होल्ट पलीकडे जातात, आणि कळतं ते धूर निघाल्यावर. केस वाळवायच्या यंत्रासाठी विकतात तो हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर तर जवळही आणू नका.

अमेरिकेतून मागवणाऱ्यांचा पेच निराळा. तिथली पाटी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. फक्त ६० साठी बेतलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की त्याच्या गाभ्यातला चुंबकीय भार वीस टक्क्यांनी वाढतो. तो तापतो, गुणगुणतो. जपानमध्ये पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ, त्यामुळे तिथला माल दोन्ही पचवतो. त्या देशाची ही जुनी अडचण आपल्या कामी येते. सगळ्यात उत्तम म्हणजे अमेरिकन लष्करी तळांवरच्या दुकानांसाठी बनलेली मॉडेलं. मागे व्होल्टेजचं चक्र असतं, २४० पर्यंत. दोन पैसे जास्त गेले तरी तीच घ्यावीत.

[दृश्य: फिरती तबकडी, कडेला ठिपके. ठिपके हळूहळू मागे सरकतात.]

रेकॉर्ड प्लेअर घेताना मोटर कोणती ते विचारा. डायरेक्ट ड्राइव्ह, क्वार्ट्झवर बांधलेली असेल तर हर्ट्झचा संबंध नाही. पण सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या हर्ट्झवर जिचा वेग ठरतो ती, ६० हर्ट्झच्या पुलीसह आली, तर ३३⅓ फेऱ्यांऐवजी मिनिटाला २७.८ फेऱ्या होतील. काळी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी चारपर्यंत उतरतं. ट्रान्सफॉर्मरने हे सुधारत नाही, ५० हर्ट्झची पुलीच बसवावी लागते. मोटरच्या दांड्यावरची ती पितळी पुली मिळते का, याची चौकशी प्लेअर घेण्याआधी करा.

[दृश्य: लिलावाचं पान. जपानी अक्षरांवर गोल.]

आता भाषा. वर्णनात ‘जंक’ शब्द दिसला की समजायचं, परत घेणार नाहीत. चालेलही, पण तक्रार ऐकायला कोणी नाही. ‘त्सूदेन काकुनिन’ म्हणजे वीज लावली, दिवा लागला, बस. कॅसेटचा पट्टा फिरतो का, आवाज येतो का, यावर मौन. ‘दोसा काकुनिन झुमी’ हवं. खायचा दोसा नव्हे. दोसा म्हणजे कार्य, ते तपासून झालं आहे. तरीही काय काय तपासलं ते वाचायचं. ‘एफएम लागतो’ एवढंच लिहिलं असेल तर कॅसेट बंद आहे असं धरून चालावं, आणि बहुतेक वेळा अंदाज खरा निघतो.

बरेच विक्रेते परदेशी पत्त्यावर पाठवत नाहीत, म्हणून मधला दलाल लागतो. त्याची दलाली, जपानमधलं टपाल, पुन्हा बांधणी आणि मग परदेशी वाहतूक, असे चार खर्च वस्तूच्या किमतीवर चढतात. त्यातला वाहतुकीचा समजून घेण्यासारखा आहे. खाजगी कुरियर वजन बघतं आणि आकारही: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची, ५,००० ने भागायचं, जो आकडा मोठा तो धरायचा. नेहमीचा डेक ४३ बाय ३० बाय १२. सगळ्या बाजूंनी ५ सेंटीमीटर फोम दिला तर ९.३ किलोचं भाडं. १० सेंटीमीटर दिला तर २०.२ किलोचं. डेकचं खरं वजन मात्र सात-आठ किलो. इथे माणूस फोम वाचवतो आणि पस्तावतो. डेकला निदान पाच सेंटीमीटर द्या आणि खोक्यात खोकं मागा. जड अँप्लिफायरला कमी चालणारच नाही. एका कोपऱ्यावर आदळला की आतला ट्रान्सफॉर्मर आपल्याच वजनाने पत्रा वाकवतो आणि सर्किट बोर्डाला चीर जाते. रेकॉर्ड प्लेअरची तबकडी, मागचं वजन आणि हेडशेल (सुई बसवलेलं पुढचं टोक) काढून वेगळं गुंडाळायचं, आर्म बांधायचा. हे विक्रेत्याला आधी लिहून कळवा, फोटो मागा.

[दृश्य: पार्सलवर शिक्के.]

कस्टमचं थोडक्यात. शुल्क नुसत्या किमतीवर बसत नाही, किंमत अधिक विमा अधिक वाहतूक या बेरजेवर बसतं. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा मागवण्याच्या आठवड्यात ताजे बघा. वापरलेला घरगुती माल परदेश व्यापार धोरणात निर्बंधित गटात मोडतो, म्हणून पार्सल अडकू शकतं हे गृहीत धरूनच पैसे गुंतवावेत. ‘गिफ्ट म्हणून पाठव’ ही जुनी क्लृप्ती डिसेंबर २०१९ पासून गेली. शुल्कमाफीत आता राख्या आणि जीवरक्षक औषधं उरली आहेत. टू-इन-वन दोन्हींत बसत नाही.

[दृश्य: टेबलावर उघडा सेट. पिवळ्या बल्बचा होल्डर.]

सेट आला. लगेच वीज लावू नका. आधी मागचं झाकण उघडा. वाहतुकीत सुटलेला स्क्रू बोर्डावर पडलेला सापडतो, कधी बॅटरीच्या कप्प्यात गळलेल्या सेलची हिरवी बुरशी. ती व्हिनेगरने पुसून, मग अल्कोहोलने.

पहिल्यांदा वीज द्यायची ती बल्बमधून. स्टेप-डाउनच्या आधी, २३०च्या वायरीत, जुन्या तारेचा बल्ब मालिकेत जोडायचा. डेकला ६० वॉट, अँप्लिफायरला १००. एलईडी चालणार नाही. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. बल्ब असताना अँप्लिफायरचा रिले (स्पीकर जोडणारा आतला स्विच) ‘टक्’ न करणं साहजिक आहे, त्याने घाबरू नका. बल्ब काढल्यावर स्पीकर न जोडता त्यांच्या टोकांवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडा. १०० च्या वर असेल तर कारागीर गाठा.

कॅसेटचा भाग मात्र जवळपास नेहमीच बिघडलेला असतो, आणि बिघाड तेच ते. रबरी बेल्ट सैल होतो किंवा वितळून डांबर होतो. हातमोजे घाला, हे डांबर साबणाने जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुलीच्या खाचा साफ करा. नवा बेल्ट मोजायचा दोऱ्याने: पुल्यांभोवती दोरा फिरवून लांबी घ्या, त्यातून पाच टक्के वजा करा. जाडी जुन्याइतकीच. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे विचारताना मॉडेल सांगण्यापेक्षा हे माप सांगा.

पट्टा खाल्ला जातो त्याचं खापर लोक कॅसेटवर फोडतात. दोष पट्टा गोळा करणाऱ्या रिळाचा असतो. आयडलरचं, म्हणजे रिळाला फिरवणाऱ्या चाकाचं, रबर गुळगुळीत होतं, रीळ जोर लावत नाही, आणि पट्टा ओढणाऱ्या रबरी रोलरमधून बाहेर आलेला पट्टा जायला जागा नाही म्हणून त्याच रोलरभोवती गुंडाळत बसतो. आयडलरचं रबर बदला, रोलर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा. आत मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस खरवडून नवं लावा, पण बोटभर नको. मशीन ऑइल बेअरिंगला एक थेंब. दुसरा थेंब बेल्टवर जातो.

मग वेग. ३,१५० हर्ट्झचा सूर भरलेली टेस्ट कॅसेट लावा आणि मोबाइलवरच्या फ्रीक्वेन्सी मीटरने मोजा. ३१.५ हर्ट्झचा फरक म्हणजे एक टक्का. मोटरच्या मागे छोटं भोक असतं, आतला स्क्रू केसभर फिरवून आकडा जुळवायचा. दहा मिनिटं चालू दिल्यावर पुन्हा मोजा, थंड मोटर वेगळं सांगते.

[दृश्य: जुनी कॅसेट. लेबलावर शाईने लिहिलेलं, पुसट.]

एवढं सगळं बिनचूक झाल्यावर लोक घरची जुनी कॅसेट लावतात. आजोबांचं भजन, बारशाचा गोंगाट. आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. यंत्र बिघडलेलं नसतं. ती कॅसेट ज्या टू-इन-वनवर भरली, त्याचं हेड, म्हणजे पट्ट्याला टेकून आवाज भरणारा-वाचणारा भाग, किंचित तिरकं होतं. वाचणारं हेडही तेवढंच तिरकं असलं तरच वरचे सूर उमटतात.

हेडच्या कडेला स्प्रिंगवर बसलेला बारीक स्क्रू असतो. आधी त्याच्या आताच्या जागेवर मार्करने खूण करा. कॅसेट चालू ठेवून पाव फेऱ्याहूनही कमी, हळूहळू फिरवा. टाळ आधी बोथट असतात, एका जागी अचानक खणखणीत होतात. तिथे थांबा. संगणकावर उतरवायचं ते त्याच बैठकीत, दोन्ही बाजू, कारण दुसरी बाजू कधी कधी निराळा कोन मागते. उतरवून झालं की स्क्रू पुन्हा खुणेवर आणा आणि नेलपॉलिशचा एक थेंब टाकून पक्का करा.

[दृश्य: स्क्रूवर लाल थेंब. कॅसेटचं झाकण बंद होतं.]